हेगच्या न्यायासनापर्यंत भारतीय वकील पोहोचतो का?

प्रश्न परभणीहून आला आहे. एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी विचारते: हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश व्हायचं असेल तर आत्तापासून काय करावं? जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची परीक्षा द्यावी की सरळ परदेशात एलएल.एम.ला जावं? फ्रेंच यावीच लागते का? घरचे म्हणतात, आधी सनद घे आणि कोर्टात उभी राहा.

घरच्यांचं बरोबर आहे. का, ते पुढे येईलच. त्याआधी एक कडू गोष्ट सांगून टाकतो, कारण करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत ती सहसा गाळली जाते. भारतीय नागरिकाला आजच्या घडीला या न्यायालयाचा न्यायाधीश होता येत नाही. न्यायालय ज्या करारावर उभं आहे तो रोम स्टॅच्यूट १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३६ प्रमाणे एखादा सदस्य देश दुसऱ्या देशाच्या नागरिकाचंही नाव देऊ शकतो, पण ती व्यक्ती कुठल्या तरी सदस्य देशाची नागरिक असलीच पाहिजे. भारत सदस्य नाही. रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिलं, ७ देशांनी विरोधात, आणि २१ तटस्थ राहिले; त्या २१ मध्ये भारत होता. सुरक्षा परिषदेला प्रकरणं पाठवण्याचा आणि थोपवण्याचा अधिकार का, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, दहशतवाद का नाही, हे आपले आक्षेप होते. तेव्हापासून आपण बाहेरच आहोत. सध्या सव्वाशेच्या आसपास देश सदस्य आहेत. त्यात अफगाणिस्तान २००३ पासून आहे आणि बांगलादेश २०१० पासून. ढाक्याच्या वकिलाला उभं राहता येतं, परभणीच्या नाही.

दुहेरी नागरिकत्वाची पळवाटही चालत नाही. एक तर भारत ते देत नाही. दुसरं म्हणजे, एकापेक्षा जास्त नागरिकत्वं असतील तर ती व्यक्ती नागरी आणि राजकीय हक्क प्रत्यक्षात जिथे बजावते त्या देशाची धरली जाते. नागरिकत्वाची ही चाळणी निवडीच्या वेळी लागते. फिलिपिन्स मार्च २०१९ मध्ये करारातून बाहेर पडलं, तरी त्या देशाचे न्यायाधीश राउल पांगालांगन मार्च २०२१ पर्यंत काम करत राहिले.

तरीही उत्तर इथे थांबत नाही. या खुर्चीवर माणूस साधारण पंचवीस-तीस वर्षांच्या कामानंतर बसतो, आणि तेवढ्या काळात देशाचं धोरण बदलूही शकतं. शिवाय खुर्चीच्या आजूबाजूची कितीतरी कामं भारतीयांना आजही खुली आहेत. त्या सगळ्यांसाठी लागणारी तयारी एकच आहे.

आधी कोर्टांचा घोळ निस्तरू. हेगमध्ये न्यायालयं अनेक आहेत आणि आपल्याकडे सगळ्यांना मिळून 'हेगचं कोर्ट' म्हणतात. कुलभूषण जाधव प्रकरणाचा १७ जुलै २०१९ चा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, म्हणजे आयसीजेचा. तिथे वादी-प्रतिवादी देश असतात. आरोपीचा पिंजरा नसतो, शिक्षा नसते. तो वाद पाकिस्तानने वाणिज्य दूतावासाच्या भेटीचा करार मोडला का, एवढ्यापुरता होता. तिथे २०१२ पासून बसलेले दलवीर भंडारी पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, म्हणजे आपल्या औरंगाबाद खंडपीठाचेही. आयसीजेला भारतीय चालतो, कारण ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे. आयसीसी, म्हणजे फौजदारी न्यायालय, संयुक्त राष्ट्रांपासून वेगळं, करारावर उभं राहिलेलं आहे आणि माणसांवर खटले चालवतं. तिसरा प्रकार सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तात्पुरत्या न्यायाधिकरणांचा: युगोस्लाव्हियासाठी १९९३, रवांडासाठी १९९४. दोन्ही बंद झाली आणि त्यांचं उरलेलं काम एका छोट्या यंत्रणेकडे आहे. तिथले न्यायाधीश यादीवर असतात, लागेल तेव्हा बोलावले जातात आणि काम केलेल्या दिवसांपुरतेच पैसे घेतात. सुरक्षा परिषदेच्या यादीतून त्यांना आमसभा निवडते, त्यामुळे आयसीसीसारखी सदस्यत्वाची अट तिथे नव्हती. मात्र ही दारं युद्धानंतर उघडतात आणि काम संपलं की मिटतात. त्यांच्या भरवशावर करिअर आखता येत नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायासनावरचा भारतीय म्हटला की नाव येतं राधाविनोद पाल यांचं. कलकत्ता उच्च न्यायालयाचे हे माजी न्यायाधीश दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या १९४६ ते १९४८ च्या टोकियो खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी एक होते. त्यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारं, हजारांहून जास्त पानांचं भिन्नमत लिहिलं. त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, 'कृत्य घडलं तेव्हा तो गुन्हा होता का' हा त्यांचा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येक बचाव पक्षाच्या वकिलाला आजही उपयोगी पडतो.

आता निवड. न्यायाधीश १८. मुदत ९ वर्षं आणि पुन्हा निवड नाही. दर ३ वर्षांनी ६ जागा भरतात. सदस्य देश गुप्त मतदान करतात आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतं मिळवावी लागतात. १२५ देशांनी मत दिलं तर ८४. उमेदवार दोन याद्यांपैकी एकीत बसावा लागतो. 'अ' यादी फौजदारी कायदा आणि खटल्यांचा न्यायाधीश, सरकारी वकील किंवा वकील म्हणून अनुभव असलेल्यांची. 'ब' यादी युद्धविषयक कायदा आणि मानवी हक्क अशा आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या तज्ज्ञांची. न्यायालयात 'अ'चे किमान ९ आणि 'ब'चे किमान ५ राहतील असं बघितलं जातं. वर आपापल्या देशात सर्वोच्च न्यायिक पदासाठी लागणारी पात्रता हवी. आपल्या भाषेत ती राज्यघटनेच्या कलम १२४ ची: उच्च न्यायालयात ५ वर्षं न्यायाधीश, किंवा १० वर्षं वकिली, किंवा नामांकित विधिज्ञ. वयाची वरची मर्यादा करारात लिहिलेली नाही.

पात्रता असली तरी खुर्ची मिळवून देतं परराष्ट्र खातं. आधी एखाद्या सदस्य देशाने, सहसा स्वतःच्याच, नाव द्यावं लागतं. मग नऊ सदस्यांची सल्लागार समिती मुलाखत घेऊन शेरा देते. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या शिष्टमंडळांच्या दारोदार फिरणं. पाच प्रादेशिक गट, स्त्री-पुरुष प्रमाण, 'अ'-'ब' याद्या अशा किमान संख्या मतपत्रिकेत पाळायच्या असल्याने फेऱ्यांवर फेऱ्या होतात. 'तुम्ही आमच्या उमेदवाराला या समितीत मत द्या, आम्ही तुमच्याला तिथे देतो' असे व्यवहार सर्रास चालतात. जिल्हा बँकेची निवडणूक जवळून पाहिलेल्याला यात नवल वाटू नये. याचा परिणामही दिसला आहे: एकही फौजदारी खटला न चालवलेले राजनैतिक अधिकारी न्यायाधीश झाले आणि खटल्यांची गती मंदावली. न्यायालयाच्या कारभाराचा २०२० मध्ये जो स्वतंत्र आढावा झाला, त्यात ३८४ शिफारशी निघाल्या. न्यायाधीशांचं नामांकन आणि निवड हा त्यातला एक विषय होता. माझं मत विचाराल तर 'ब' यादी जवळपास बंद करायला हवी. आंतरराष्ट्रीय कायदा वाचून शिकता येतो. खोटं बोलणारा साक्षीदार ओळखायला कोर्टातच वर्षं घालवावी लागतात.

म्हणून प्रत्यक्ष काम काय असतं ते नीट समजून घ्या. काँगोतल्या सशस्त्र गटाचा नेता थॉमस लुबांगा याचा खटला घेऊ. या न्यायालयाचा हा पहिला निकाल, १४ मार्च २०१२ चा. क्रमांक आयसीसी-०१/०४-०१/०६: २००४ मधली पहिली परिस्थिती म्हणजे काँगो, आणि त्यातलं २००६ मधलं पहिलं प्रकरण. आपल्या सत्र खटला क्रमांकासारखंच वाचायचं. आरोप असा की इतुरी भागात २००२-०३ च्या लढाईत आरोपीने १५ वर्षांखालची मुलं सैन्यात घेतली आणि लढायला वापरली. सुनावणीचे दिवस २०४. सरकार पक्षाचे साक्षीदार ३६, बचावाचे २४. शिक्षा १४ वर्षं.

सगळा खटला एका प्रश्नावर फिरत होता: मुलाचं वय १५ च्या आत होतं का? जन्मदाखले नव्हते. हाडांच्या एक्स-रेवरून वय सांगणारे तज्ज्ञ आले, पण त्या अंदाजाला दोन्ही बाजूंनी वर्षा-दोन वर्षांची सूट द्यावी लागते. आपल्याकडे पोक्सोच्या खटल्यात ऑसिफिकेशन टेस्टवर दर आठवड्याला हेच भांडण होतं. शेवटी न्यायालयाने जास्त भरवसा ठेवला तो चित्रफितींवर, जिथे बंदूक घेतलेली मुलं १५ च्या खूप आतली आहेत हे नुसतं बघून कळत होतं. चौदा की सोळा असा काठावरचा संशय जिथे होता, ते उदाहरण सोडून दिलं. काठावरचं सोडायचं आणि पक्कं तेवढंच धरायचं, ही शिस्त सत्र न्यायालयातही तीच आहे.

दुसरी अडचण मध्यस्थांची निघाली. तपास अधिकारी स्वतः त्या भागात जाऊ शकत नव्हते म्हणून त्यांनी स्थानिक मध्यस्थांकरवी साक्षीदार गोळा केले. उलटतपासात दिसलं की काही साक्षीदारांना काय बोलायचं ते शिकवून आणलेलं होतं. 'बालसैनिक' म्हणून आलेल्या अनेकांची साक्ष न्यायालयाने बाजूला ठेवली आणि तपासाची जबाबदारी अशी दुसऱ्यावर टाकल्याबद्दल सरकार पक्षाला फटकारलं. पोलीस ठाण्याचे ठरलेले पंच ज्याने पाहिले आहेत, प्रत्येक पंचनाम्यावर तीच दोन नावं, त्याला हा परिच्छेद वाचताना ओळखीचं वाटेल. त्याहीआधी, २००८ मध्ये, खटलाच स्थगित झाला होता: आरोपीच्या फायद्याची कागदपत्रं सरकार पक्षाने गोपनीयतेच्या अटीवर मिळवली होती आणि ती बचावाला दाखवता येत नव्हती. पुढे तो मार्गी लागला आणि २००९ च्या जानेवारीत साक्षी सुरू झाल्या.

पीठावर तीन न्यायाधीश, ज्युरी नाही. पुराव्याचे नियम आपल्यापेक्षा सैल आहेत, आणि इथे भारतीय वकील पहिल्यांदा अडखळतो. ऐकीव पुरावा आपल्याकडे दारातच अडतो. तिथे तो आत येतो आणि त्याचं वजन नंतर ठरतं. पोलिसांसमोरचा जबाब आपल्याकडे विसंगती दाखवण्यापुरताच. तिथे नियम ६८ च्या अटी पूर्ण झाल्या तर आधी नोंदवलेला जबाब साक्ष म्हणून दाखल होतो. पीडितांना स्वतःचे वकील देऊन खटल्यात भाग घेता येतो. सिद्धतेच्या पायऱ्या मात्र स्पष्ट आहेत. अटक वॉरंटला 'मानण्यास वाजवी कारणं'. आरोपनिश्चितीला त्याहून वजनदार, भरीव कारणं. दोषी ठरवायला वाजवी संशयापलीकडे. या तीन पायऱ्यांची गल्लत करणारा मसुदा अपिलात टिकत नाही.

गुन्ह्याची बांधणीही वेगळी आहे. खुनात आपण मृत्यू, कृत्य आणि हेतू बघतो. मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून खून सिद्ध करायचा तर हे सगळं आहेच. त्यावर नागरी लोकसंख्येवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला चालू होता, हे कृत्य त्याचाच भाग होतं आणि आरोपीला ते ठाऊक होतं, एवढं दाखवावं लागतं. नवखे वकील प्रेतांची संख्या मोजत बसतात आणि हा संदर्भाचा घटक कोरडा ठेवतात. आपल्या कायद्यात ही कलमं नाहीतच. १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी दंगलींच्या सज्जनकुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हे बोलून दाखवलं होतं. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही पोकळी तशीच राहिली. त्यामुळे हा भाग इथे पुस्तकातूनच शिकावा लागेल.

भाषेचं सांगतो, कारण मराठवाड्याच्या कोर्टात काम केलेल्याला इथे थोडी आघाडी आहे. नांदेड-हिंगोलीच्या तांड्यावरची बाई गोरमाटीत बोलते, जालन्याचा म्हातारा दखनीत, नोंद मराठीत होते आणि वरच्या कोर्टात ती इंग्रजीत वाचली जाते. साक्षीदार तारीख सांगत नाही. 'तुरी काढायच्या दिसात, दिवस बुडायच्या टायमाला' असं म्हणतो, किंवा 'पोळ्याच्या आदल्या दिवशी'. 'माझा भाऊ' म्हणतो आणि तो चुलत निघतो. पाहिलेलं आणि गावात ऐकलेलं एकाच दमात सांगतो. रवांडा न्यायाधिकरणाच्या आकायेसू निकालात, २ सप्टेंबर १९९८ च्या, न्यायाधीशांनी नेमक्या याच गोष्टींवर स्वतंत्र चर्चा केली आहे: किन्यारवांडा या तिथल्या भाषेतल्या शब्दांचे अर्थ, तारखा आणि अंतरं सांगण्यातली अडचण, पाहिलेलं-ऐकलेलं यातली सरमिसळ. तो भाग मूळ निकालात वाचाच. वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कुणाला दोषी ठरवण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेच्या, तमिळ वंशाच्या नवनीतम पिल्लै होत्या. त्या पुढे आयसीसीच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक झाल्या.

हेगच्या कोर्टात दुभाषे काचेमागे बसतात आणि सगळ्यांच्या कानाला हेडफोन. आचोली किंवा झघावासारख्या भाषेतून आधी एका कामकाजी भाषेत आणि तिथून दुसरीत असं दोन टप्प्यांत भाषांतर होतं. त्यामुळे प्रश्न विचारून थांबावं लागतं. आपल्याकडचा चढ्या आवाजाचा, उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न टाकणारा उलटतपास तिथे पार फसतो. प्रतिलेखात नुसतं 'दोघे एकदम बोलले' एवढंच उरतं. आणखी एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे न्यायाधीश साक्ष कथनरूपात स्टेनोला सांगतात आणि सांगता सांगता ती सरळ होऊन जाते. तिथे प्रश्न-उत्तर शब्दशः उतरतं. साक्षीदाराची अडखळही नोंदीत राहते, आणि अपिलात त्याच अडखळीवर वाद होतो.

न्यायाधीशाच्या दिवसातला मोठा वाटा मात्र कोर्टात जात नाही. लुबांगातच लेखी आदेशांची संख्या शेकड्यांत गेली: कुठली नावं झाकायची, कुठल्या साक्षीदाराचा आवाज-चेहरा बदलायचा, कुठला कागद कधी उघड करायचा. मसुदे चेंबरमधले कायदा अधिकारी बनवतात. जबाबदारी सहीची. तिघांपैकी एक न्यायाधीश लेखी तपास-कागदांवर भर देणाऱ्या देशातला, दुसरा साक्ष कोर्टात घासून बघणाऱ्या देशातला; मधल्या आदेशावर एकमत व्हायलाच आठवडे जातात. हे सगळं करून निकाल उलटू शकतो. काँगोतले नेते जाँ-पिएर बेंबा यांना मार्च २०१६ मध्ये दोषी ठरवून पुढे १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष सोडलं. कारणं दोन: दोषारोपाच्या चौकटीबाहेरच्या कृत्यांवर दोषी धरलं होतं, आणि सेनापती म्हणून त्यांनी शक्य ते उपाय केले की नाही याचं विश्लेषण चुकलं होतं. माणूस तोवर दहा वर्षं कोठडीत होता. केनियाच्या रुटो खटल्यात तर साक्षीदारच फितूर होत गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये बचावाची बाजू सुरू होण्याआधीच खटला संपला.

मुदत संपली म्हणून चालू खटला सोडता येत नाही. पूर्ण करूनच जावं लागतं. लुबांगा पीठावरच्या रेने ब्लाटमान यांची मुदत २००९ मध्ये संपली होती, निकाल २०१२ मध्ये आला. उलटंही होतं: निवडून आल्या आल्या पूर्ण वेळ काम मिळेलच असं नाही, गरज पडेल तेव्हा बोलावलं जातं. पगार सुरुवातीला वर्षाला १,८०,००० युरो ठरला होता. त्याबरोबर येणाऱ्या जोखमीबद्दल कुणी बोलत नाही. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघाल्यावर रशियाने संबंधित न्यायाधीशांनाच 'पाहिजे असलेले आरोपी' म्हणून जाहीर केलं. २०२५ मध्ये अमेरिकेने काही न्यायाधीशांवर निर्बंध लादले. निर्बंध म्हणजे नुसता व्हिसा नाकारणं नव्हे: युरोपात राहूनही क्रेडिट कार्ड चालत नाही, अमेरिकी कंपन्यांची ऑनलाइन खाती बंद होतात.

आता तुम्ही काय करायचं ते. जेएमएफसीची परीक्षा लगेच देता येणार नाही. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या, म्हणजे याच परीक्षेला ३ वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजतात आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. म्हणजे घरच्यांचा सल्ला आता कायदाच झाला आहे. ती तीन वर्षं दिवाणी दाव्यांच्या तारखा घेण्यात घालवू नका. सत्र न्यायालयात खुनाचे आणि पोक्सोचे खटले चालवणारा सीनियर शोधा, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाची जाहिरात निघते ती बघा. तिथे गरीब आरोपींचे खरे खटले येतात आणि पहिल्या दिवसापासून उलटतपासाची तयारी करावी लागते. दोषारोपापासून निकालापर्यंत एकाच वकिलाने पाहिलेले दहा खटले हे माझ्या दृष्टीने पहिलं भांडवल. एखादा खटला निम्म्यात दुसऱ्याकडे गेला तर तो मोजू नका.

न्यायदंडाधिकारी होणं चांगलं की वकिली करत राहणं? निकाल लिहायला लवकर मिळावं असं वाटत असेल तर न्यायसेवा. पण त्या पदावर गंभीर सत्र खटले यायला बरीच वर्षं जातात, आणि नोकरीत असताना परदेशी कामासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. वकिलीत हात मोकळे राहतात. सात वर्षांनी जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीचा रस्ता असतोच. तुमच्या उद्दिष्टासाठी मी वकिलीकडे झुकेन.

भारतीय पासपोर्टवर उघडी असलेली दारं अशी. आयसीसीच्या वकिलांच्या यादीत नाव घालायला नागरिकत्वाची अट नाही. फौजदारी खटल्यांचा १० वर्षांचा अनुभव, इंग्रजी किंवा फ्रेंचवर उत्तम पकड आणि स्वच्छ शिस्तभंग-नोंद हवी. सहायक वकिलाला ५ वर्षं. चेंबरमधल्या कायदा अधिकाऱ्यांच्या जागांत पी-२ या खालच्या श्रेणीला पदव्युत्तर पदवी असल्यास २ वर्षं अनुभव मागतात, पी-३ ला ५. भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांना झुकतं माप असतं, म्हणून एकाच जाहिरातीवर आस लावून बसू नका. सीरियासाठी २०१६ मध्ये आणि म्यानमारसाठी २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पुरावे गोळा करणाऱ्या यंत्रणा जिनिव्हात आहेत. त्या संयुक्त राष्ट्रांच्या असल्याने तिथे भारतीयांना आयसीसीसारखी अडचण नाही. पगारी नोकरी धरली की सनद स्थगित करून बार कौन्सिलला कळवावं लागतं; हे विसरून नंतर पस्तावणारे खूप आहेत.

परदेशी एलएल.एम. तीन-चार वर्षं वकिली झाल्यावर करा. नुसत्या पदवीवर लगेच गेलेल्याला तिथून बहुतेकदा बिनपगारी इंटर्नशिप मिळते आणि भाड्याच्या खोलीतच शिल्लक संपते. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांच्याही योजना आहेत, अटी दरवर्षी तपासा. तोवर मूट कोर्टमध्ये, म्हणजे अभिरूप खटल्यांच्या स्पर्धेत, आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचा एक तरी विषय घ्या.

लिखाणाचा सराव आजपासून होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. सत्र न्यायालयाचा कुठलाही निकाल ई-कोर्टवरून उतरवा. शेवट वाचू नका. साक्षी आणि निशाण्या (पुरावा म्हणून दाखल झालेले, क्रमांक दिलेले कागद) वाचून निर्णयाचे मुद्दे, त्यावरचा निष्कर्ष आणि कारणं स्वतः लिहा. बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९३ एवढंच मागतं, आणि आयसीसीचं कलम ७४ जवळजवळ तेच. मग ताडून बघा. तुमच्या कारणांच्या प्रत्येक वाक्यापुढे निशाणी क्रमांक किंवा साक्षीचा परिच्छेद लिहिता आला पाहिजे. जिथे लिहिता आला नाही, ते वाक्य खोडा.

फ्रेंच. नियमाप्रमाणे इंग्रजी एकटी पुरते. प्रत्यक्षात काँगो, माली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, आयव्हरी कोस्ट इथले कागद फ्रेंचमध्ये येतात, आणि दोन सारख्या उमेदवारांत फ्रेंच वाचणारा घेतला जातो. बी-२ या, अडखळत न वाचता-बोलता येण्याच्या पातळीला सहाशेच्या आसपास तास लागतात. परभणीत वर्ग नसला तर ऑनलाइन शिका, परीक्षेपुरतं पुणे-मुंबई गाठा. आठवड्याला पाच तास दिले तर सव्वादोन वर्षं होतात. जेएमएफसीला पात्र व्हायला जी तीन वर्षं कोर्टात काढायचीच आहेत, त्यात ते आरामात बसतं.